मोकळी जागा नकाशात शोधा

प्रश्न : बीड जिल्ह्यातील आमच्या वाढत्या गावात एकच बाग आहे. तिची हिरवळ दोन उन्हाळ्यांत जळाली आणि झोपाळ्याची नुसती साखळी लोंबकळत आहे. मुलांनी खेळावे कोठे?

उत्तर : नव्या बागेची मागणी करण्याआधी गावातील मंजूर रेखांकनांचे, म्हणजे जमिनीचे भूखंड पाडण्याच्या आराखड्यांचे, नकाशे पाहावेत, असे मला कळकळीने सुचवावेसे वाटते. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीनुसार ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीच्या रेखांकनात सर्वसाधारणपणे १० टक्के जागा मनोरंजनासाठी मोकळी ठेवावी लागते. प्रत्यक्षात ती वेड्या बाभळीत किंवा कुणाच्या कडब्याच्या गंजीखाली दडलेली असू शकते. नकाशाची प्रत माहिती अधिकारात मागता येते.

हिरवळीचा हट्ट मात्र सोडावा. २०१६ च्या उन्हाळ्यात ज्या मराठवाड्यातील लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्याच मराठवाड्यात आपण राहतो. येथे कडुनिंब आणि करंजाची सावली, तिच्याखाली पाठ टेकता येईल असे बाक आणि चोपलेल्या मुरमाचे मैदान हेच तग धरते. झोपाळ्याच्या कड्या घासून झिजतातच, म्हणून त्यांच्या दुरुस्तीची स्वतंत्र तरतूद नगरपंचायतीचे अंदाजपत्रक तयार होण्यापूर्वी लेखी मागावी आणि अर्जाची पोच जपून ठेवावी.