लिंक्डइनवर नोकरी शोधतोयस ना, मग हे आधी कर

नावाखालच्या ओळीत ‘नोकरीच्या शोधात’ लिहू नकोस रे. तिथे काम लिही: ‘टॉवेल निर्यातीची कागदपत्रं, टॅली, जीएसटी’. भरती करणारे असेच शब्द टाकून माणसं शोधतात. ‘ओपन टू वर्क’मध्ये (नोकरी हवी आहे हे दाखवायची लिंक्डइनची सोय) सोलापूरसोबत पुणेही टाक आणि ‘फक्त रिक्रूटर्सना’ हा पर्याय निवड. सध्याच्या शेठना सहसा कळत नाही, पण खात्री धरू नकोस.

सोलापूरजवळच्या चिंचोली एमआयडीसीतल्या एचआरला नुसतं ‘सर, जॉब आहे का?’ पाठवलंस तर उत्तर कशाला येईल? कोणती जागा, तुला काय येतं, कधी रुजू होशील, एवढं तीन ओळींत लिही.

टेलिग्रामवर कुणी नोंदणी फी मागितली की तिथेच ब्लॉक कर. पैसे गेलेच तर लाजू नकोस, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लाव.