"नीट" ठेवलेली वस्तूच हरवते (उत्तर लांबलंय, आधीच सांगते)

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि नवऱ्याला हाक मारून म्हटलं, बघा, आपल्या कोल्हापुरात माझ्यासारखी अजून एक आहे. वय 41, शाळेत नोकरी, रोज सकाळी गाडीची किल्ली नाहीतर चष्मा शोधताना घर डोक्यावर घेणं, "एक दिवस डोकं विसरून येशील" हे घरच्यांचं पालुपद, आणि आता गेल्या आठवड्यात सासऱ्यांची दवाखान्याची फाईल रिक्षात राहिलेली. शेवटी विचारलंय की हे वेड लागायचं लक्षण तर नाही ना. मी डॉक्टर नाही, उद्यमनगरात एका कारखान्याचे हिशेब लिहिते. पण या बाबतीत माझी हयात गेली आहे, म्हणून लिहिते.

आधी फाईलचं बघा. फोटो टाकून "कुणाला सापडल्यास" लिहीत बसण्यापेक्षा रिक्षा जिथून धरली त्या थांब्यावर जा. आपल्याकडे थांब्यावरचे रिक्षावाले ठरलेले असतात. किती वाजता बसलात आणि कुठं उतरलात एवढं सांगितलं की तिथलेच दोघं-तिघं मिळून रिक्षा कुणाची ते काढतात. माझी छत्री अशी परत आली आहे, जेवणाचा डबासुद्धा आला आहे, तोही धुतलेला. फाईल नाहीच मिळाली तर दवाखान्यात लेखी अर्ज द्या. डॉक्टरांच्या वर्तणुकीबद्दलचे 2002 चे नियम आहेत. त्यात भरती रुग्णाचे कागद 3 वर्षं जपायचे आणि रुग्णानं किंवा त्यानं अधिकार दिलेल्या माणसानं मागितले की 72 तासांत द्यायचे असं आहे. अर्जावर सासऱ्यांची सही घ्या. बाहेरच्या लॅबचे रिपोर्ट मात्र त्या त्या लॅबमधूनच काढावे लागतील.

आता रोजच्या हरवाहरवीचं. दाराजवळ खुंटी लावा, याद्या करा, मोबाईलला गजर लावा हे इथं बाकीचे सांगतीलच, त्यात मी पडत नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. रोजची वस्तू हरवते आणि अर्ध्या तासात सापडते. जी "नीट" म्हणून ठेवली जाते, ती खरी जाते. रोजची जागा हाताला माहीत असते. "नीट" जागा फक्त त्या दिवशीच्या डोक्याला माहीत असते, आणि त्या दिवशी डोकं दुसऱ्याच कशात तरी गुंतलेलं असतं. नवरात्राच्या आधी सगळं घर उपसून गोधड्या नदीवर धुवायला नेतो तेव्हा, पाहुणे यायचे असतात तेव्हा, आणि आमच्या भागात तर पूर येतो तेव्हा.

आम्ही शाहूपुरीत खालच्या बाजूला राहतो. जुलै 2021 मध्ये पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 43 फुटांच्या, म्हणजे धोक्याच्या पातळीकडं चाललं तसं आम्ही घर आवरायला घेतलं. 2019 चा अनुभव ताजा होता, त्यामुळं या वेळी सगळं शिस्तीत. कागदपत्रं प्लॅस्टिकच्या पिशव्यांत, गादी-कपाट माळ्यावर, आणि आम्ही राजारामपुरीत भावाकडं. बँकेच्या लॉकरची किल्ली सासूबाईंनी दोनदा विचारली आणि मी दोन्ही वेळा म्हटलं, नीट ठेवलीय.

दिवाळी झाली. डिसेंबरात पुतणीचं लग्न. सासूबाईंचा कोल्हापुरी साज, गळ्यातला सोन्याचा दागिना, लॉकरमध्ये होता, अस्सल, 21 पानांचा, गुजरीतल्या सोनाराकडून झाळून घेऊन ठेवलेला. तो नवरीच्या गळ्यात घालायचा हे ती पाळण्यात होती तेव्हापासून ठरलेलं. किल्ली बघायला गेले तर किल्ली नाही. भावाचं घर, आमचं घर, माळा, पिशव्या, सगळं उलटंपालटं केलं. नाही म्हणजे नाही.

इथून पुढचं सविस्तर लिहिते, कारण किल्ली गेल्याचं मला फारसं काही वाटलेलं नाही. माणसाच्या वस्तू हरवतात. त्यानंतर त्या कचेरीनं जे नाचवलं त्याचा राग अजून गेलेला नाही. (बँकेचं नाव लिहिणार नाही, विचारू नका. शाखेतला सगळा स्टाफ आता बदलला आहे.)

पहिल्या दिवशी सांगितलं, पोलिसांचा दाखला आणा. पोलीस ठाण्यात अर्जावर रकाना: हरवल्याचे ठिकाण. म्हटलं, पुरात घर हलवताना. हवालदार म्हणाले, ते झालं कारण, ठिकाण सांगा. आता शाहूपुरी ते राजारामपुरी या वाटेत कुठं ते मला माहीत असतं तर मी वाकून उचलली नसती का? पण हद्द ठरल्याशिवाय नोंद होईना. एका ठाण्यानं दुसरीकडं पाठवलं, दुसऱ्यानं परत पहिल्याकडं. शेवटी ओळखीतल्या एका वकिलांनी सांगितलं, "राहत्या घरातून" असं लिहा, घराची हद्द पक्की असते. ते लिहिल्यावर शिक्का बसला. हे लक्षात ठेवा, कामाला येईल.

दाखला घेऊन बँकेत गेले. साहेबांनी चष्म्यावरून बघितला आणि म्हणाले, यात लॉकर नंबर नाही. पुन्हा ठाणं. नंबर घालून आणला तर म्हणाले, लॉकर जोडनावावर आहे, सासूबाईंना आणा. सासूबाईंचे गुडघे गेलेले, शाखा पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मी म्हटलं, करारात "दोघींपैकी कुणीही" असं लिहिलंय. ते म्हणाले, सिस्टीमला तसं दिसत नाही. करार काढा म्हटलं तर तो शोधायला वेळ लागेल. म्हणजे माझी किल्ली हरवली तर मी बेजबाबदार, आणि यांच्या कपाटातला माझा करार सापडत नाही तर "वेळ लागेल". शेवटी भाच्यांनी सासूबाईंना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून जिना चढवला. वर गेल्यावर कळलं, आज साहेब रजेवर.

ते सगळं पार पडल्यावर नवीन पाढा. लॉकर उघडायला दोन किल्ल्या लागतात, एक बँकेची, एक आपली, आणि आपल्या किल्लीची दुसरी प्रत बँकेकडं नसते. त्यामुळं कुलूप फोडायला कंपनीचा माणूस बोलवावा लागतो. तो यायचा पुण्याहून, आणि एका लॉकरसाठी येत नाही, आसपासच्या शाखांची चार कामं जमली की येतो. लग्नाची तारीख मी त्यांना कागदावर लिहून दिली होती. पत्रिकासुद्धा दिली होती, पेढ्यांसकट.

पुतणी महाद्वार रोडवरनं आणलेला इमिटेशनचा साज घालून बोहल्यावर चढली. फोटोत फरक कळत नाही म्हणतात. मला कळतो.

माणूस आला तो लग्नानंतर. तरणा पोरगा, पाठीला सॅक, त्यात ड्रिल. शिपायानं फरशीवर जुनं वर्तमानपत्र पसरलं. पोरानं कुलपाच्या तोंडावर खडूनं खूण केली आणि ड्रिल लावलं. पितळेचा भुगा सरसर खाली पडत होता आणि शेजारच्या लॉकरची दारं थरथरत होती. सगळं दहा-पंधरा मिनिटांत आटोपलं. त्यासाठी आम्ही अर्धा हिवाळा घालवला होता. ड्रिलचा, नव्या कुलपाचा आणि त्या पोराच्या प्रवासाचा खर्च आमच्या खात्यातून वळता झाला, आकडा पासबुकात बघितला तेव्हा कळला.

आता ज्यांच्याकडं लॉकर आहे त्यांनी हे वाचा. रिझर्व्ह बँकेचं लॉकरबद्दलचं परिपत्रक 18 ऑगस्ट 2021 चं आहे आणि 1 जानेवारी 2022 पासून ते लागू झालं. म्हणजे आमचं घोडं अडलं होतं तेव्हा ते निघालं होतं, पण अमलात यायला थोडे दिवस होते. नशीब बघा. त्यात किल्ली हरवली तर काय करायचं ते साफ लिहिलंय: ग्राहकानं लगेच कळवायचं, किल्ली नंतर सापडली तर जमा करीन असं हमीपत्र द्यायचं, बँकेनं ओळख पटवून हरवल्याची नोंद करायची, ग्राहकाची लेखी परवानगी घ्यायची, आणि त्याच्या व बँकेच्या अधिकाऱ्याच्या समोर फोडायचं. आतलं सामान दुसऱ्या कुणाला दिसता कामा नये. खर्च ग्राहकाचा, पण किती येणार ते आधी सांगायचं. पोलीस दाखल्याचा उल्लेख मला त्या भागात दिसला नाही. बँका आपापल्या नियमानं मागतात, त्यामुळं "लागत नाही" म्हणून भांडायला जाण्याआधी आपला करार वाचा. अडवलंच तर तोंडी हुज्जत घालू नका, लेखी तक्रार द्या, दुसऱ्या प्रतीवर सही, शिक्का, तारीख घ्या. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं ऑनलाइन तक्रार करता येते, फी नाही. पोच नसेल तर मात्र आपण त्या खिडकीवर कधी गेलोच नव्हतो असं धरा.

आणि हो, किल्ली सापडली. कुठं ते लिहिणार नाही, सासूबाई अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात तेवढं पुरे. हमीपत्राप्रमाणं बँकेत जमा करायला गेले तर कुठल्या रजिस्टरला चढवायची ते कुणालाच माहीत नव्हतं.

त्यानंतर घरात मी काय बदललं, तर "नीट ठेवणं" बंद केलं. महत्त्वाची वस्तू रोजच्याच जागी राहते. ती हलवायचीच झाली तर घरातल्या दुसऱ्या माणसाला दाखवून हलवायची आणि त्या जागेचा मोबाईलवर फोटो काढायचा, कपाटाचं दार दिसेल असा. ठेवताना मी मोठ्यानं बोलते, "किल्ली फ्रीजवर ठेवली." घरचे हसतात, हसू देत. बहुतेक वेळा आपण विसरलेलो नसतोच. फोन कानाला, गॅसवर दूध, आणि हातानं वस्तू कुठंतरी टेकवली, तेव्हा डोक्यात नोंदच झालेली नसते. मग आठवणार काय? बोललं की नोंद होते. माझ्यापुरतं हे चालतं, तुमचं तुम्ही बघा.

जवळचा चष्मा एकच ठेवू नका, स्वस्तातले दोन-तीन करून घ्या आणि जिथं लागतो तिथंच टाका. किल्लीला लावायची ती शिट्टी मारणारी उपकरणं भाच्यानं आणून दिली होती. बरी आहेत, पण त्यांची बॅटरी बदलायची आठवण कोण ठेवणार? लायसन्स आणि आरसी डिजिलॉकरमध्ये घ्या, वाहतूक पोलिसांना ते चालतं, मूळ कागद पर्समध्ये घेऊन फिरायचं कारण नाही. मोबाईलवर *#06# दाबून येणारा नंबर आजच वहीत लिहा, मोबाईलमध्ये नको. फोन हरवला तर सरकारच्या संचार साथी या संकेतस्थळावर तो नंबर देऊन फोन बंद करता येतो. त्याला पोलीस तक्रारीची प्रत लागते आणि ओटीपीसाठी आपल्या त्याच मोबाईल नंबरचं नवीन सिम, म्हणून आधी ते सिम घ्या.

आता वेडाचं. किल्ली कुठं ठेवली हे आठवत नाही, यात घाबरण्यासारखं बहुधा काही नसतं. रोजच्या वाटेवर रस्ता चुकणं, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, सुट्टे पैसे मोजताना गोंधळणं, आणि हे आपल्यापेक्षा घरच्यांना जास्त जाणवणं, असं काही असेल तर मात्र डॉक्टरांकडं जायला उशीर करू नका. तसं नसलं तरी एकदा रक्त तपासून घ्या. बी12 आणि थायरॉइड, यातलं एक जरी कमी असलं तरी विसरायला होतं. शाकाहारी माणसांत बी12 ची कमतरता पुष्कळ दिसते, आणि मधुमेहाची मेटफॉर्मिनची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तरीही ते उतरतं. आपल्या वयाच्या बायकांना पाळी जायच्या सुमारास झोप मोडते आणि डोकं जड होतं, ते वेगळंच. झोपेच्या किंवा सर्दीच्या गोळ्या रोज घेत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा. टीव्हीवरच्या स्मरणशक्तीच्या बाटल्यांवर पैसे घालवू नका, मी घालवले आहेत, चव बरी होती एवढंच.

लहानपणापासून असंच असेल, म्हणजे शाळेत डबा-वही हरवणं, कामं अर्धी टाकणं, तर लक्ष न टिकण्याचा त्रास मोठ्यांनाही असतो. त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडं जायची लाज वाटू देऊ नका. नुसती रक्ततपासणी करायची असेल तर सीपीआर या सरकारी दवाखान्यातही होते, सकाळी लवकर गेलात तर रांग कमी असते. आणि बी12 कमी निघालं तर गोळी की इंजेक्शन ते रिपोर्ट बघून डॉक्टरांना ठरवू द्या, मेडिकलवाल्याला नको.