दुकानाचा खर्च वजा होतो, मग घराचा का नाही?

वाचकांचे प्रश्न : आयकर

प्रश्न : मी भुसावळ येथे रेल्वेत नोकरी करतो. माझे वार्षिक वेतन १५ लाख रुपये असून आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी माझ्या पगारातून ९७,५०० रुपये आयकर कापला गेला. माझ्या धाकट्या भावाचे जळगावात हार्डवेअरचे दुकान आहे. त्याची वर्षाची उलाढाल दीड कोटी रुपयांची असूनही त्याला कर शून्य आला. दुकानाचे भाडे, दोन नोकरांचा पगार, वीजबिल, टेम्पोभाडे हे सारे वजा जाऊन उरलेल्या रकमेवर त्याला कर द्यावा लागतो. मी मात्र घरभाडे, पुण्यात शिकणाऱ्या मुलीच्या वसतिगृहाचा खर्च, आईची औषधे आणि किराणा यांपैकी काहीही वजा करू शकत नाही. महिनाअखेर माझ्या हाती जे उरते तोच माझा नफा नव्हे काय? धंद्याला नफ्यावर कर आणि माणसाला सगळ्या कमाईवर कर, हा न्याय कसा?
— एक वाचक, भुसावळ (विनंतीवरून नाव छापलेले नाही)

उत्तर : आपल्या पत्रात दोन वेगळ्या तक्रारी एकत्र आल्या आहेत. त्यांपैकी एक मला मान्य नाही आणि दुसरी पूर्णपणे मान्य आहे, म्हणून त्या आधी वेगळ्या करतो.

प्रथम आकडे पाहू. आपल्या भावाला कर आला नाही, याचे कारण दुकानाचा खर्च वजा झाला हे नाही. ज्यांची उलाढाल २ कोटींपर्यंत आहे (आणि रोखीचे व्यवहार पाच टक्क्यांच्या आत असल्यास ३ कोटींपर्यंत), अशा छोट्या व्यावसायिकांना हिशेबाच्या तपशिलात न शिरता उलाढालीच्या ८ टक्के रक्कम नफा म्हणून दाखवता येते. बँकेमार्फत किंवा ऑनलाइन आलेल्या रकमेसाठी हे प्रमाण ६ टक्के आहे. हा मार्ग घेतला की भाडे, पगार, वीज यांपैकी काहीच वेगळे वजा होत नाही. दीड कोटीचे ८ टक्के म्हणजे १२ लाख, आणि नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. आपले वेतन १५ लाख आहे. त्यातून ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट जाऊन १४,२५,००० उरतात. त्यावर टप्प्यांनुसार ९३,७५० रुपये कर आणि ४ टक्के उपकर मिळून ९७,५०० होतात. आपले वेतन १२,७५,००० असते तर आपल्यालाही शून्यच कर आला असता. म्हणजे कागदावर समान उत्पन्न असलेल्या दोघा भावांमध्ये नोकरदार भाऊच ७५,००० रुपयांनी पुढे राहतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. व्यवसायाला उलाढालीऐवजी नफ्यावर कर का? जळगावच्या डाळ मिलचे उदाहरण घ्या. गिरणीने वर्षभरात एक कोटीची डाळ विकली आणि तूर, मजुरी, वीज, बारदान व वाहतूक यांवर ९८ लाख खर्च झाले, तर मालकाच्या हाती २ लाख येतात. उलाढालीवर नुसता पाच टक्के कर लावला तरी तो ५ लाख होतो, म्हणजे सगळी कमाई देऊनही वर ३ लाखांचे देणे राहते. शिवाय रावेर-यावलच्या केळीचा घड उत्तरेकडच्या बाजारात पोहोचेपर्यंत किती हातांतून जातो, याचा विचार करा. प्रत्येक हाताने विक्रीच्या पूर्ण रकमेवर कर दिला, तर तोच तो कर पुन्हापुन्हा लागेल आणि अखेरीस खाणाऱ्याच्याच माथी बसेल. दीड कोटीची उलाढाल ही आपल्या भावाची कमाई नाही. तिचा बहुतेक भाग लोखंड, सिमेंट, रंग आणि पाइप त्याला विकणाऱ्या व्यापाऱ्यांचा आहे. आपले वेतन मात्र सुरुवातीपासूनच आपले आहे. म्हणून त्याची तुलना भावाच्या उलाढालीशी न करता त्याच्या नफ्याशी करावी लागेल.

त्या नफ्यातून भावाने घरचा किराणा आणला तर तोही वजा होत नाही. आर्थिक वर्ष २०२५-२६ ला लागू असलेल्या १९६१ च्या आयकर कायद्याचे कलम ३७ व्यवसायासाठी संपूर्णपणे आणि केवळ त्याच कारणाने झालेला खर्चच मान्य करते आणि वैयक्तिक खर्च स्पष्टपणे वगळते. खानावळ चालवणाऱ्या बाईंनी ज्वारीचे पोते घेतले तर तो खर्च, कारण त्या भाकरी विकून त्यांना उत्पन्न मिळते. त्याच पोत्यातून घरच्यांसाठी भाकरी थापली तर तेवढी ज्वारी त्यांची स्वतःची उचल (धंद्यातून घरासाठी काढलेली वस्तू) ठरते. खानावळीत जेवणाऱ्या नोकरदाराचे जेवण हा उपभोग आहे आणि बाईंच्या मुलाचे जेवणही उपभोगच. धान्य एकच असले तरी ते कशासाठी वापरले, यावरून कायदा भेद करतो, आणि हा भेद मला योग्य वाटतो. आपण म्हणता तसे महिनाअखेर उरलेल्या रकमेलाच उत्पन्न मानले, तर करात बचतीवर बोजा पडेल आणि खर्चाला मोकळीक मिळेल. जो जितका चैनीत राहील तितका त्याचा कर कमी होईल आणि काटकसरीने आईची औषधे भागवून चार पैसे बाजूला टाकणारा जास्त कर भरील.

येथवर मी आपल्या विरुद्ध बोललो. यापुढे आपल्या बाजूने बोलतो.

नोकरी करण्यासाठीही खर्च येतो. भुसावळहून जळगावला रोज अपडाऊन करणाऱ्याचा मासिक पास, कामाचे बूट-कपडे, नोकरीत टिकण्यासाठी स्वतःच्या पैशाने केलेले प्रशिक्षण, पती-पत्नी दोघेही नोकरी करत असल्यामुळे लागणारे पाळणाघर, हे खर्च कमाई करण्यासाठीच होतात. नियमित हिशेब ठेवणाऱ्या दुकानदाराला धंद्यासाठीचा प्रवासखर्च वजा मिळतो. नोकरदाराला मात्र सर्वांसाठी एकच ठरीव रक्कम, म्हणजे प्रमाणित वजावट, मिळते. तिचा इतिहासही फारसा उदार नाही. आर्थिक वर्ष २००५-०६ पासून ही वजावट बंद होती. २०१८ च्या अर्थसंकल्पात ती ४०,००० रुपयांवर पुन्हा आली खरी, पण त्याच वेळी प्रवासभत्त्याची १९,२०० आणि वैद्यकीय खर्चाच्या भरपाईची १५,००० रुपयांची सूट काढून घेतली, म्हणजे प्रत्यक्ष वाढ अवघी ५,८०० रुपयांची झाली. २०१९ मध्ये ५०,००० आणि २०२४-२५ पासून नव्या प्रणालीत ७५,००० असा तिचा प्रवास झाला. बिले जपावी लागत नाहीत, हा तिचा गुण आहे. पण ज्याला कामावर जायला रोज दोन तास लागतात आणि ज्याला कार्यालयाशेजारीच निवासस्थान मिळाले आहे, त्या दोघांनाही तीच रक्कम मिळते.

दुसरी बाजू कुटुंबाची आहे. नव्या प्रणालीत पहिल्या ४ लाखांवर कोणालाच कर नाही, तो भाग म्हणजे जगण्यासाठी लागणारा किमान खर्च असे कायदा गृहीत धरतो. हा किमान खर्च एकट्या तरुणाला आणि आई, पत्नी व दोन मुलांना सांभाळणाऱ्या कर्त्याला सारखाच कसा असेल? चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना १९५५ च्या अर्थसंकल्पात विवाहितांसाठी २,००० आणि अविवाहितांसाठी १,००० रुपयांची करमुक्त मर्यादा ठेवली गेली होती. म्हणजे घरात खाणारी तोंडे किती, हा प्रश्न आपल्या करपद्धतीने एके काळी विचारला होता. जुन्या प्रणालीत घरभाडे, विमा, आरोग्यखर्च अशा वजावटी अजून आहेत; नव्या प्रणालीत दर कमी आहेत, पण आईच्या औषधांसाठी तिथे जागा नाही. माझ्या मते प्रत्येक अवलंबित व्यक्तीमागे एक छोटी, ठरीव रकमेची वजावट नव्या प्रणालीतही असायला हवी. तिला बिल लागणार नाही, वाद होणार नाही आणि आपल्यासारख्याला आपली जबाबदारी राज्यव्यवस्थेला दिसते, एवढे तरी समाधान मिळेल.

तिसरी गोष्ट मी सर्वांत गंभीर मानतो. आपला पगार रुपयापर्यंत सरकारला ठाऊक असतो आणि हाती पडण्याआधी कर कापला जातो. व्यापाऱ्याचा नफा मात्र बहुतेक वेळा तो सांगेल तेवढा असतो. आठ टक्क्यांच्या तरतुदीत ‘किंवा त्याहून जास्त जी रक्कम करदात्याने मिळाल्याचे सांगितले असेल ती’ असाही भाग आहे. पण प्रत्यक्षात अठरा लाख सुटले असूनही बारा लाखांवर थांबण्याचा मोह किती जणांना टाळता येतो? जे नियमित हिशेब ठेवतात, त्यांच्याकडे दुसरा प्रकार घडतो. अनेक वर्षांपूर्वी एका पेढीचा रोजमेळ तपासताना ‘दुकान दुरुस्ती’ या नावाखाली मुलीच्या लग्नाच्या मांडवाचे बिल मला सापडले. ते मी उचल खात्याला टाकायला लावले. मालक नाराज झाले, पण पुढे दरवर्षी त्यांनी घरखर्चाची वेगळी वही ठेवली. घरच्या वापराच्या गाडीचे पेट्रोल, मुलाचा मोबाइल, कुटुंबाचा प्रवास असे खर्च धंद्याच्या नावावर टाकणाऱ्याचा कर कमी होतो आणि तो भार शेवटी आपल्यासारख्या पगारदारांवर येतो. आपल्या मनातील अन्यायाची भावना खरी आहे. मात्र तिचे मूळ नफ्यावर कर लावण्याच्या तत्त्वात नसून त्या तत्त्वाच्या आड लपवल्या जाणाऱ्या घरखर्चात आहे.

भावाची बाजूही एका वाक्यात सांगतो : त्याच्या निवृत्तीसाठी कोणा मालकाचा वाटा नाही, पगारी रजा नाही, आणि उधारी बुडाली तर ती त्याचीच.

प्रश्न : मोठ्या कंपन्यांना २२ टक्के कर आणि व्यक्तीला ३० टक्के, ही श्रीमंतांना दिलेली सवलत नव्हे काय?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : २०१९ च्या सप्टेंबरमध्ये इतर सवलती सोडणाऱ्या देशी कंपन्यांसाठी २२ टक्के दर आला. अधिभार आणि उपकर धरून तो २५.१७ टक्के होतो. व्यक्तीला ३० टक्के दर नव्या प्रणालीत २४ लाखांवरील रकमेलाच लागतो, हे आधी लक्षात घ्यावे. शिवाय कंपनीचा नफा मालकाच्या घरी आला की त्यावर पुन्हा कर बसतो. विप्रोची सुरुवात १९४५ मध्ये आपल्याच अमळनेरात झाली, त्यामुळे लाभांश (कंपनीने भागधारकांना वाटलेला नफा) म्हणजे काय हे आपल्या गावाला वेगळे सांगायला नको. १ एप्रिल २०२० पासून लाभांश भागधारकाच्या उत्पन्नात मिळवून त्याच्या टप्प्याने करपात्र झाला आहे. कंपनीने १०० रुपये कमावले तर २५.१७ रुपये करात जातात, उरलेले ७४.८३ रुपये लाभांश म्हणून वाटले आणि भागधारक ३० टक्क्यांच्या टप्प्यात असला, तर उपकरासह आणखी २३.३५ रुपये जातात. दोन्ही मिळून साडेअठ्ठेचाळीस रुपये होतात. भागीदारी पेढीत असे होत नाही : पेढी पहिल्या रुपयापासून ३० टक्के कर भरते, पण भागीदाराच्या वाट्याला आलेला नफा त्याच्या हाती पुन्हा करपात्र ठरत नाही.

तरीही आपली शंका निराधार नाही. नफा न वाटता कंपनीतच ठेवला तर दुसरा कर पुढे ढकलला जातो. नोकरदाराला आपला पगार असा पुढच्या वर्षी ढकलता येत नाही. कारखाना वाढवण्यासाठी नफा ठेवला असेल तर मला हरकत वाटत नाही. मात्र कुटुंबाच्याच मालकीच्या कंपनीत तो नुसता पडून राहत असेल, तर कर पुढे ढकलण्यापलीकडे त्यातून काय साधते, हे विचारायला हवे.

प्रश्न : आमच्या घरात कोणालाही आयकर लागू नाही, तरी प्रत्येक खरेदीवर जीएसटी द्यावाच लागतो. दुकानदाराला तो परत मिळतो, असे ऐकले. हे खरे आहे काय?
— एक गृहिणी, धुळे

उत्तर : होय, बव्हंशी खरे आहे, आणि घरखर्चाचा विषय या कराशिवाय पूर्ण होत नाही. नोंदणीकृत दुकानदाराने दुकानासाठी २,००० रुपयांचा पंखा घेतला आणि त्यावर १८ टक्क्यांनी ३६० रुपये कर दिला, तर ते ३६० रुपये तो आपल्या विक्रीवरील करातून वळते करतो. आपण घरासाठी तोच पंखा घेतला तर ३६० रुपये आपल्याकडून कायमचे गेले. कारण हा कर उपभोगावर आहे आणि साखळीतील शेवटच्या ग्राहकानेच तो सोसावा, अशी त्याची रचना आहे. दुकानदार स्वतःच्या घरासाठी पंखा घेतो तेव्हा त्यालाही हा कर वळता करता येत नाही. दुकानाच्या नावाने बिल घेऊन पंखा घरी लावला तर तो कायद्याचा भंग आहे.

यात घरांना दिलासाही मिळाला आहे. सुटे धान्य करमुक्त आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून अंगाचा साबण, केसांचे तेल, टूथपेस्ट यांवरील दर १८ वरून ५ टक्के झाला आणि वैयक्तिक आयुर्विमा व आरोग्यविमा करमुक्त झाला. तरीही एक मोठी विषमता उरते : कमी उत्पन्नाचे कुटुंब जवळजवळ सगळी कमाई खर्च करते, त्यामुळे तिच्या मोठ्या भागाला हा कर लागतो, जास्त उत्पन्नाचे कुटुंब कमाईचा मोठा भाग गुंतवते आणि त्या भागाला तो लागत नाही. मुलांच्या शिकवणीवर आजही १८ टक्के कर आहे. धुळ्यातील ज्या घराची सारी आशा मुलाच्या परीक्षेवर असते, त्या घराच्या दृष्टीने शिकवणी ही चैन नाही, आणि तिच्यावरील दर कमी व्हावा असे माझे स्पष्ट मत आहे.