गावच्या घरातल्या जुन्या बरण्या, कपबश्या आणि शिसवी कपाट: ठेवावं काय, द्यावं काय?

कोकणातलं घर विकायचं ठरलंय, आत आजीच्या बरण्या, सोनेरी काठाच्या कपबश्या, शिसवी कपाट, झोपाळा, वेताच्या खुर्च्या, आणि तुमचा पुण्यातला फ्लॅट दोन खोल्यांचा. जुनं सामान घेणारा सगळ्याचा मिळून एक आकडा सांगून गेलाय, तो घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय.

त्याला "कळवतो" म्हणा आणि गप्प बसा. एकगठ्ठा भाव सांगणाऱ्याचा डोळा बहुतेक वेळा एखाद-दुसऱ्याच वस्तूवर असतो. आमच्याकडे आलेल्याला आम्ही नाही म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी परत आला, "बरं, झोपाळ्याच्या पितळी कड्या तेवढ्या द्या." मग कळलं.

कपबश्यांबद्दल माझं पाप आधी सांगते. घर आवरताना डझनभर कप मी भांडी घासायची पावडर आणि घासणी घेऊन लख्ख केले. सहा कपांचा सोनेरी काठ मोरीत वाहून गेला. हा सोन्याचा काठ झिलईच्या, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या थराच्या, वर चढवलेला असतो, त्यामुळे घासला की जातो. कोमट पाणी, मऊ फडकं, बास. आणि असा कप मायक्रोवेव्हमध्ये अजिबात नको, ठिणग्या उडतात.

सगळी भांडी ओटीवर सतरंजी घालून पालथी मांडा. तळावरचा शिक्का बघा. ब्रिटनने १८८७ साली कायदा केला आणि परदेशी मालावर देशाचं नाव घालायची पद्धत रुळली, म्हणून 'मेड इन जर्मनी' असं छापलेली बशी साधारण त्यानंतरची. 'मेड इन ऑक्युपाइड जपान' असेल तर महायुद्धानंतरची, १९५२ पर्यंतच्या काळातली. मग कप तळहातावर ठेवून बोटाच्या पेराने हलकेच वाजवा. धड असेल तर टण्ण वाजतो, तडा असेल तर थप्प. आमच्या एका मोठ्या बशीला मागून पितळी टाके आहेत, बारक्या तारेचे, चार. टाक्याची भोकं आरपार नाहीत, अर्ध्यापर्यंतच पाडलेली, त्यामुळे पुढून काहीच दिसत नाही. फुटलेली बशी टाकून न देता कुणीतरी पैसे मोजून ती शिवून घेतली होती. तुमच्याकडे अशी निघाली तर टाके काढून गोंदाने चिकटवायच्या फंदात पडू नका.

बरण्या मात्र वापरायलाच ठेवा, शोभेला नकोत. लोणच्याचं मीठ आणि आंबट चिनी मातीला काही करत नाही, म्हणून तर त्या होत्या. फक्त आतून बोट फिरवून बघा. झिलईला जाळं पडलं असेल किंवा बाहेर पोटावर पांढरं मीठ फुटलं असेल, तर त्यात लोणचं नको, तांदूळ ठेवा. झाकण हरवलं असेल तर दादरा, म्हणजे तोंडावर फडकं, बांधायचा, आजीही तेच करायची.

लाकडाचं थोडक्यात. कपाटाखाली आठवडाभर काळा कागद पसरून ठेवा. त्यावर ताजी पिठूळ भुकटी पडली तर आत कीड जिवंत आहे, आधी औषध, मग पुण्याला. नुसती जुनी भोकं असतील तर घाबरू नका. 'नव्यासारखं करून देतो' म्हणत मशीन घेऊन येणाऱ्या पॉलिशवाल्याला लांब ठेवा. जुनं पॉलिश बहुधा चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून हाताने बोळा फिरवत चढवलेलं असतं. गरम कपाचा पांढरा गोल उठतो हे खरं, पण तेवढ्यासाठी सगळं खरवडायचं नसतं, जाणता माणूस त्यावरच नवा हात देतो. वेताची बैठक झोळ खात असेल तर खुर्ची उलटी करून खालून गरम पाण्याचं फडकं फिरवा आणि रात्रभर सावलीत वाळू द्या. वेत आवळतो. तुटला असेल तर विणूनच घ्यावा लागेल.

भाऊ-बहीण परदेशात असतील आणि "आमच्याकडे पाठव" म्हणत असतील तर एक लक्षात घ्या. १९७२च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू अशी सहज देशाबाहेर नेता येत नाही. वय नक्की नसेल तर पार्सल बांधायच्या आधी पुरातत्त्व खात्याकडे विचारा.

मी काय ठेवलं? दोन बरण्या, टाक्यांची बशी, उरलेले सहा कप आणि एक खुर्ची. कपाटही आणायचं होतं. पण तुम्ही टेम्पो ठरवायच्या आधी लिफ्टच्या दाराचं आणि जिन्याच्या वळणाचं माप घ्या, आम्ही घेतलं नव्हतं. दारं काढूनही चार बोटं जास्त भरलं आणि डोंबिवलीहून तसंच परत देवरुखला चुलतभावाकडे गेलं. किल्ली माझ्या पर्समध्येच राहिलीय, मे महिन्यात जाईन तेव्हा द्यायचीय.