सगळे एकच बोलत असताना

"प्रार्थना गटातले सगळे ठामपणे बोलतात, मला मात्र तसे ठाम वाटत नाही, ताई, माझा विश्वास कमी पडतोय का?" बेळगाव आणि आसपासच्या ख्रिस्ती मंडळ्यांतून येणारी माणसे मला हा प्रश्न अलीकडे वारंवार विचारतात. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून त्यांतल्या एकाची हकिकत सांगते.

ही गोष्ट २०२५ च्या ऑगस्टमधली. खानापूर तालुक्यातला हा तरुण शिक्षक गाझातल्या युद्धापायी झोप हरवून बसला होता. आजचे इस्राएल राष्ट्र म्हणजे शास्त्रातलेच, बायबलमधलेच इस्राएल, त्याविषयी शंका घेणे म्हणजे देवाच्या विरोधात जाणे, असे गटात सांगितले जाई. शाळेतले सहकारी हमासने इस्राएलमध्ये केलेल्या ७ ऑक्टोबर २०२३ च्या हत्याकांडाचा विषय निघाला की तो टाळत. दोन्हीकडे मान डोलावून तो घरी येई आणि रात्रभर मोबाईल घेऊन बसे. त्याने मला एक व्हिडिओ दाखवला: ढिगारा, धूळ, ओरडणारी एक बाई, आणि वर दोन बाणांची खूण, म्हणजे पुष्कळदा पुढे पाठवलेला. तो कुठला, कधीचा, कोणी काढलेला, हे त्याला ठाऊक नव्हते. तरीही त्यावरून सासऱ्यांशी अबोला धरण्यापर्यंत गोष्ट गेली होती.

मी युद्धाविषयी काहीच बोलले नाही. १ नोव्हेंबरची, म्हणजे कर्नाटकाच्या स्थापना दिनाची, बातमी तू कोणत्या पेपरात वाचतोस, एवढेच विचारले. "दोन्ही पेपर वाचतो," तो म्हणाला. "मराठीत काळा दिन, कन्नडमध्ये राज्योत्सव. एकच वाचला तर गावात काय झाले ते कळत नाही." सीमाभागात वाढलेल्या माणसाच्या ही सवय अंगवळणी पडलेली असते, आणि बायबलातल्या नीतिसूत्रांच्या अठराव्या अध्यायाचेही सांगणे हेच आहे की आधी बाजू मांडणारा खरा वाटतो, मग दुसरा येऊन त्याची झडती घेतो. गाझातही ख्रिस्ती मंडळी आहे आणि १७ जुलैला तिथल्या होली फॅमिली चर्चवर झालेल्या इस्राएली माऱ्यात तिघांचा जीव गेला, हे त्याच्या गटात निघालेच नव्हते.

शास्त्र जाणणारी माणसेही वाहवत जातात, हेही मी त्याला सांगितले. ऑक्टोबर १९१४ मध्ये त्र्याण्णव जर्मन विद्वानांनी आपल्या देशाच्या युद्धाचे समर्थन करणारे पत्रक काढले, तेव्हा सह्यांमध्ये हार्नाक आणि हेरमान या आपल्या धर्मशास्त्राच्या गुरूंची नावे पाहून पुढे मोठा धर्मशास्त्रज्ञ झालेला तरुण पाळक कार्ल बार्ट हादरून गेला होता.

माझ्याकडे पुढच्या बैठकीला तो जरा ताठ्यातच आला; गटातल्या प्रत्येकाचे म्हणणे त्याने खोडून काढले होते. मला ते बरे वाटले नाही. बहुतेकांचे मत म्हणून खरे मानणे आणि बहुतेकांचे मत म्हणून खोटे मानणे, या दोन्हींत पारख कुठेच नसते, आणि पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला पारख करायला सांगताना चांगले ते घट्ट धरायलाही सांगितले आहे, हे मी त्याला स्पष्टपणे ऐकवले. तो बराच वेळ गप्प बसला.

त्यानंतरच्या शनिवारी त्याने गटात हमासच्या ताब्यातल्या ओलिसांसाठी आणि गाझातल्या मंडळीसाठी एकाच दमात प्रार्थना केली. दोघातिघांनी आमेन म्हटले नाही. सासऱ्यांनीही म्हटले नाही. मात्र निघताना त्यांनी त्याला रविवारी जेवायला बोलावले.