नदीवर होडी चालवायचा सराव आहे. कोकणातल्या खाड्यांत तीन दिवस कायाक चालवायचं नियोजन कसं करावं?

तुम्ही चौघे गोंदियाचे, नदीवर आणि नवेगावबांधच्या तलावात हात बसलेला, आणि डिसेंबरात सिंधुदुर्गातल्या खारफुटीत निघालात, म्हणून लिहायला बसलो. मार्ग कोणता आणि रोज किती किलोमीटर, एवढंच विचारलंत. तिथी कोणती, हे विचारलं नाही. आमचंही तिथंच चुकलं होतं.

मी पवनीकडचा. आबाजींच्या डोंग्यात वैनगंगेवर वाढलो. पाणी कुठं खोल, कुठं रेती, हे मला रंगावरून कळतं. त्या भरवशावर मी आणि भाऊजी दिवाळीच्या सुट्टीत मालवण तालुक्यातल्या एका खाडीत उतरलो. त्रिपुरी पौर्णिमा होती. मी म्हटलं, इथल्या कोणा होडीवाल्याला विचारू. भाऊजी म्हणाले, नदी ती नदी, मोबाइलवर नकाशा आहे. जेवून एक वाजता निघालो.

भरती सव्वाअकरालाच होऊन गेली होती. आम्ही ओहोटीत एका बाजूच्या फाट्यात शिरलो. दोन्हीकडून तिवरांची, म्हणजे खारफुटीच्या झाडांची, मुळं चिखलातून बोटांसारखी वर आलेली, त्यांच्यावर पाण्याची ओली रेघ. ती रेघ बघता बघता हातभर वर राहिली. सव्वाचारला कायाक चिखलावर टेकली. नकाशात आम्ही निळ्या पट्टीच्या मधोमध होतो!

भाऊजी ढकलायला उतरले आणि मांडीपर्यंत रुतले. मी दोन्ही वल्ही आडवी टाकली, त्यांवर पोट टेकवून त्यांना ओढून घेतलं. तोवर कालवाच्या शिंपल्यानं पोटरी उभी फाटली होती. काठावर तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, वेचणारी एक बाई ओरडून सांगत होती, उतरू नका, पाणी आल्याशिवाय हलू नका. साडेपाचला पाणी तळाला गेलं. सातच्या सुमारास कायाक तरंगली, तोवर पोटरीला गमछा बांधून बसलो. भाऊजी अजूनही म्हणतात, मी चुकीच्या फाट्यात नेलं. फाटा बरोबर होता. सकाळी आठला गेलो असतो तर त्याच फाट्यातून हसत परतलो असतो.

आपल्या नदीचं पाणी एकाच दिशेला जातं. खाडीचं साधारण सव्वासहा तासांनी उलटतं, आणि भरती रोज पाऊण-एक तास उशिरा येते. कोकणातला जुना हिशेब असा की तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. एकादशीला अकराची पाऊणपट सव्वाआठ, त्रयोदशीला पावणेदहा. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, पाणी जास्त चढतं आणि तेवढंच उतरतं. अष्टमीकडे भांग, फरक कमी.

म्हणून एकादशी ते त्रयोदशी असे तीन दिवस धरा. उजाडताच चढत्या पाण्याबरोबर आत जा, भरती पुरी झाली की लगेच वळा. दुपारी समुद्राकडून वारा सुटतो, त्याच्या आत काठाला या. येऊन-जाऊन आठ किलोमीटर पुष्कळ झाले. खारफुटीत अंतर कापायला जायचंच कशाला? एक दिवस वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत बचत गटाच्या बायांच्या होडीत बसा. कांदळ कुठला, तिवर कुठलं, हे त्या दाखवतात. मग स्वतः वल्हं धरा. कर्ली खाडीत देवबागच्या संगमाकडे ओहोटीत जाऊ नका, पाणी समुद्राकडे ओढतं.

पाऊणपटीच्या हिशेबात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून त्या बंदराचं भरतीचं वेळापत्रक बघाच. चिपळूणकडे वाशिष्ठीत मगरी आहेत, तिकडे वळायचा विचार असेल तर सोडा. पायात जाड तळाचे बूट घाला, चपला चिखल ओढून घेतो.

आणि चौघांपैकी कोणी "नदी ती नदी" म्हणालाच, तर त्याला हे वाचून दाखवा. तारखा कळवा, पंचांग काढून कधी निघायचं ते सांगतो.