रोजचे तीस-चाळीस रुपये बंद करावेत का?

प्रश्न: मी डोंबिवलीहून सीएसएमटीला नोकरीला जाते. हातात पगार ४२,००० रुपये, घराचा हप्ता १४,०००. स्टेशनबाहेर फुटपाथवर राहणाऱ्या दोन-तीन कुटुंबांना कधी चहा-वडापाव, कधी सुटे पैसे देते. महिन्याचे साधारण ९०० होतात. मिस्टर म्हणतात, तेवढी एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक गुंतवणूक) कर. शिवाय एका संस्थेचा माणूस दरमहा १,५०० च्या ऑटो-डेबिटसाठी (देणगी खात्यातून आपोआप कापली जावी म्हणून) मागे लागलाय. बँकेत दोन महिन्यांचा खर्च निघेल एवढी शिल्लक आहे. काय करू?

उत्तर: ताई, ९०० रुपये देत राहा. ऑटो-डेबिटवर मात्र सध्या सही करू नका.

यजमानांचा हिशेब बरोबर आहे. ९०० ची एसआयपी २० वर्षं चालली आणि १२ टक्के परतावा मिळाला, तर सुमारे ९ लाख होतील. पण महागाई ६ टक्के धरली तर त्यांची आजची किंमत पावणेतीन लाखांच्या आसपास भरते. पगाराच्या दोन टक्के रकमेने तुमचं म्हातारपण अडणार नाही. घर अडेल ते दोन महिन्यांच्या शिल्लकीमुळे, कारण नोकरी गेली तरी हप्ता थांबत नाही. म्हणून ते १,५०० आधी आरडीत (बँकेतल्या आवर्ती ठेवीत) टाका आणि सहा महिन्यांचा खर्च साठवा.

आता त्या ९०० बद्दल, कारण मला त्याचंच जास्त महत्त्व वाटतं. रोजच्या वडापावने त्या दिवसाची भूक भागते, आणि ते लहान काम नाही. पण उघड्यावर राहणाऱ्या माणसाला काही खर्च एकरकमी येतात आणि तिथेच तो अडकतो: पावसाळ्याआधीची ताडपत्री, तापातली औषधं, कागदपत्रांसाठीच्या खेपा, त्यात बुडालेली मजुरी. म्हणून ५०० रोजच्यासाठी ठेवा, ४०० बाजूला टाका. तीन महिन्यांत १,२०० जमतात. काय हवंय ते त्यांनाच विचारा. आपण ठरवून दिलेली वस्तू पुष्कळदा त्यांच्या उपयोगाची नसते.

फुटपाथवर झोपणाऱ्यांवर गाडी चढल्याच्या बातम्या आपण वाचतो. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला फक्त २० रुपये आहे. १८ ते ७० वयाच्या खातेदाराचा अपघाती मृत्यू झाला तर वारसाला २ लाख मिळतात. खातं मात्र लागतं. जनधन खातं शून्य शिल्लकीवर उघडतं. कुणाकडे आधार असेल आणि त्यांची इच्छा असेल, तर एका शनिवारी त्यांच्यासोबत बँकेत जा (दुसरा आणि चौथा शनिवार सोडून). एकट्याने गेल्यावर त्यांना दारातूनच परत पाठवलं जाण्याची भीती असते. सोबत कुणी असलं की अर्ज पुढे सरकतो. विम्याचं वर्ष १ जून ते ३१ मे असतं. २० रुपये मेच्या मध्यापर्यंत खात्यात आहेत ना, याची आठवण तुम्हीच ठेवा, नाहीतर विमा तुटतो.

करसवलतीचा विचार इथे नको. हातोहात दिलेल्या पैशांवर ती नसते आणि नव्या करप्रणालीत ८०जीची, म्हणजे संस्थेला दिलेल्या देणगीवरची, वजावटही मिळत नाही.

शिल्लक सहा महिन्यांची झाली की त्या संस्थेचा विचार करा. तेव्हा तिची नोंदणी आयकर विभागाच्या संकेतस्थळावर तपासा, मागच्या वर्षीचा ताळेबंद मागा आणि देणगी गोळा करणाऱ्या एजन्सीला तुमच्या १,५०० मधले किती जातात, ते त्या माणसाला स्पष्ट विचारा. उत्तर टाळलं तर दुसरी संस्था शोधा.